आदिवासी आणि सरकार: खान्देशातल्या पाड्यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शहादा, तळोदा, धडगाव भागात वनहक्काचे दावे भरायला लोकांना मदत करतो. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर, लग्नात, जीपमध्ये, कुठेही बसलो की लोक तेच तेच प्रश्न विचारतात, त्यात आपले भिल, पावरा, मावची, कोकणी, तडवी सगळे असतात आणि गावातले बिगर आदिवासी मित्रही असतात. म्हणून जमेल तसं एका जागी लिहून ठेवतोय.

"आदिवासी" आणि "अनुसूचित जमाती" एकच का?

बोलताना एकच, कागदावर नाही. घटनेत शब्द आहे अनुसूचित जमाती, आणि कोणती जमात यादीत आहे ते कलम ३४२ खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. जयपालसिंग मुंडा घटना समितीत होते, त्यांनी १९४६ पासून "आदिवासी" हाच शब्द लावून धरला होता, पण तो घटनेत आला नाही. फरक छोटा वाटतो, पण आदिवासी म्हणजे इथे आधीपासून राहणारा, आणि अनुसूचित म्हणजे सरकारने यादीत घातलेला. पहिल्या शब्दात आपली ओळख आपण सांगतो आणि दुसऱ्यात ती कोणीतरी तपासून देतो, जातपडताळणीच्या ऑफिसला चकरा मारलेल्या पोराला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जमातींचे लोक १० कोटी ४३ लाख होते, महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांच्या आसपास. नंदुरबार जिल्ह्यात तर शंभरातले ६९ लोक आपले.

तडवी भाऊ मुसलमान आहेत, मग ते आदिवासी कसे?

अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातीला आहे. यावल, रावेर, चोपड्याकडचे तडवी भिल नमाज पढतात आणि आदिवासीही आहेत, कायद्याला त्यात काही अडचण नाही. हा प्रश्न भांडण लावायला विचारला जातो तेव्हा उत्तर एवढंच द्या आणि पुढे चला.

भारत सरकार आपल्याला मूळनिवासी मानतं का?

बाहेर एक आणि घरात एक असं आहे. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, १४४ देश बाजूने होते आणि त्यात भारत होता. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या चौघांनी तेव्हा विरोधात मत दिलं होतं, नंतर त्यांनी भूमिका बदलली. पण भारताचं म्हणणं असं की स्वातंत्र्यानंतर इथले सगळेच लोक मूळचे, त्यामुळे हा शब्द एका गटाला लावायचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा जुना करार, नंबर १०७, भारताने मान्य केलाय, तो आदिवासींना हळूहळू मुख्य समाजात मिसळून घ्यायच्या विचाराचा आहे. १९८९ चा करार, नंबर १६९, लोकांना त्यांच्या पद्धतीने जगू द्या म्हणणारा, त्यावर भारताने सही केलेली नाही.

सुप्रीम कोर्टाने मात्र ५ जानेवारी २०११ च्या निकालात स्पष्ट लिहिलं की आदिवासी हे या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज असावेत. ती केस महाराष्ट्रातलीच, एका भिल बाईला मारहाण करून गावातून विवस्त्र फिरवलं होतं त्याची. आपण कोण हे कोर्टाने चांगल्या शब्दात लिहावं यासाठी आपल्या एका बहिणीला काय सोसावं लागलं, हे मला तो निकाल वाचल्यापासून विसरता येत नाही.

हे भांडण सुरू कधी झालं? आज्याच्या काळात तर फॉरेस्टवाले नव्हतेच म्हणतात.

आज्याच्याही आज्यापासून. १८१८ ला पेशवाई गेली आणि खान्देश कंपनी सरकारकडे आला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल नाईक घाटांची राखण करायचे, त्याबद्दल गावांकडून त्यांचा हक्क ठरलेला असायचा, नवीन सरकारशी लगेच लढाया सुरू झाल्या. लढून जमेना तेव्हा १८२५ मध्ये धरणगावला भिल पलटण उभी केली, आउट्रम नावाचा तरुण अधिकारी होता, त्याने भिलांनाच शिपाई केलं, आणि बाकीच्यांना जमीन आणि तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, देऊन शेतीवर बसवलं. म्हणजे एका हाताने बंदूक आणि एका हाताने तगाई, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

मग १८५७. सेंधवा घाटाची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक सरकारची नोकरी सोडून उठला, भीमा नाईक त्याच्या सोबत, आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. आपल्या पोरांना हा दिवस पाठ पाहिजे.

पण माझ्या मते खरं नुकसान बंदुकीने झालं नाही, जंगलाच्या कायद्याने झालं. १८७८ चा आणि मग १९२७ चा. सरकारने नोटीस काढायची की हे जंगल आता राखीव, ज्याचा हक्क असेल त्याने मुदतीत लेखी किंवा तोंडी सांगावं, १९२७ च्या कायद्यात ही मुदत किमान तीन महिने आहे. डोंगरावरच्या माणसाला नोटीस कोण वाचून दाखवणार, तो ज्या जमिनीवर नाचणी-भगर पेरत होता ती मुदत संपली की सरकारी, आणि तो तिथेच, त्याच झोपडीत, एका रात्रीत अतिक्रमणवाला. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. त्या दिवसापासून आपण अर्जदार झालो. मालकाने आपल्याच वस्तूसाठी अर्ज करायचा आणि दुसऱ्याने तो मंजूर-नामंजूर करायचा. पुढचे सगळे प्रश्न यातूनच निघतात.

मग वनहक्क कायद्याने काय बदललं?

२००६ चा कायदा, राष्ट्रपतींची सही २९ डिसेंबर २००६ ची, नियम १ जानेवारी २००८ पासून. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, जुन्या सरकारच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही. देशाच्या संसदेने आपली चूक कायद्यात लिहून मान्य केली, मी हे वाक्य प्रत्येक मिटिंगला मोठ्याने वाचून दाखवतो.

दुसरं म्हणजे कायदा हक्क "देत" नाही, हक्क "मान्य करतो". नेवाड, म्हणजे जंगलातली तुम्ही कसता ती जमीन, आधीच तुमची आहे, सरकारने फक्त ते कबूल करायचं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल आणि आजही कसत असाल तर प्रत्यक्ष कसता तेवढी, जास्तीत जास्त ४ हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. वारसाने पोरांकडे जातो, विकता येत नाही.

आणि लोक जे विसरतात ते: सामूहिक हक्क. मोह, टेंभुर्णी, चारोळी, बांबू, चराई, पाणी, आणि सगळ्यात मोठा म्हणजे आपल्या गावाच्या शिवेतलं जंगल राखायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. आपल्याकडे सगळा जोर स्वतःच्या प्लॉटवर गेला, सामूहिक दाव्याचा फॉर्म कपाटात राहिला, हे मला मनापासून खटकतं.

माझा दावा "पुरावा अपुरा" लिहून नामंजूर केलाय. आता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझ्या वडिलांच्या दाव्यावरही हेच दोन शब्द होते. ऑफिसचं नाव घेत नाही, पण तिथे तीन वेळा गेलो आणि तीन्ही वेळा कोणता पुरावा अपुरा हे कोणी सांगितलं नाही, चौथ्यांदा वडील म्हणाले राहू दे, आणि त्या "राहू दे" मुळेच मी या कामाला लागलो.

तर नीट वाचा. २०१२ ला नियम दुरुस्त झाले, त्यात आहे की नामंजुरीचं कारण लेखी द्यावं लागतं. अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरता येत नाही. सॅटेलाइटचा फोटो चालतो पण फक्त जोडीला, एकट्या फोटोवरून दावा उडवता येत नाही. ग्रामसभेचा ठराव अर्धवट वाटला तर वरच्या समितीने तो नामंजूर न करता कारण लिहून परत ग्रामसभेकडे पाठवायचा.

पुरावे दोन किंवा जास्त लागतात, आणि ते तुमच्या घरातच असतात. फॉरेस्टवाल्यांनी आज्याला केलेल्या दंडाची पावती, ती सगळ्यात भारी, कारण त्यांनीच लिहून दिलंय की हा माणूस त्या साली तिथे नांगरत होता. बांध, विहीर, घराचं जोतं, सपाट केलेली जमीन, पूर्वजांचे दगड, देवाची जागा. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, फक्त तो स्वतः दावेदार नसावा.

निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत अपील. ग्रामसभेच्या निर्णयावर प्रांताच्या उपविभागीय समितीकडे, त्यांच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे. जिल्हा समितीने नामंजूर केलं तर पूर्वी रस्ता संपायचा, पण २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रात विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली, आपल्यासाठी म्हणजे नाशिक. निर्णयाची प्रत मिळाली नसेल तर आधी ती मागा, लेखी, आणि पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

२०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना काढायला सांगितलं होतं ना? ते परत होईल का?

१३ फेब्रुवारी २०१९ ला आदेश आला होता की ज्यांचे दावे नामंजूर झालेत त्यांना राज्यांनी बाहेर काढावं, देशभरात दहा लाखांहून जास्त दाव्यांचा प्रश्न होता. पाड्यापाड्यावर भीती पसरली, त्या पंधरा दिवसांत मला रात्री दोन वाजताही फोन आलेत. २८ फेब्रुवारीला कोर्टानेच त्याला स्टे दिला आणि राज्यांना विचारलं की दावे नामंजूर करताना पद्धत पाळली का ते सांगा. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, पण कायद्यात साफ आहे की दाव्याची पूर्ण प्रक्रिया होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. गार्ड जेसीबी घेऊन आला तर भांडू नका, व्हिडिओ काढा, दाव्याची पोच दाखवा आणि लेखी आदेश मागा.

आमचा पाडा अभयारण्यात आहे, तिथे कायदा लागू नाही म्हणतात.

लागू आहे. यावल अभयारण्य १९६९ चं आहे, अनेर १९८६ चं, दोन्हीकडे दावे करता येतात.

पाचवी अनुसूची आणि पेसा म्हणजे काय? आमचं गाव त्यात आहे का?

पाचवी अनुसूची म्हणजे घटनेतला तो भाग जिथे राज्यपालांना आदिवासी भागासाठी खास अधिकार दिलेत, एखादा कायदा तिथे लागू नको असेल तर ते नुसत्या अधिसूचनेने थांबवू शकतात. खान्देशात अक्कलकुवा, अक्राणी (म्हणजे धडगाव), तळोदा, नवापूर हे तालुके, नंदुरबार आणि शहाद्याचा काही भाग, साक्री आणि शिरपूरचा काही भाग, चोपडा, यावल, रावेरची काही गावं. काही भाग म्हणजे यादी गावनिहाय आहे, तलाठ्याला किंवा पंचायत समितीत विचारा.

पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, २४ डिसेंबर १९९६ चा, दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीच्या शिफारशींवरून आलेला. महाराष्ट्राचे नियम आले २०१४ ला. अठरा वर्षं नुसते नियम लिहायला, यावर मी जास्त बोललो तर रागावून बोलेन. पेसात गाव म्हणजे ग्रामपंचायत नाही. एक पाडा किंवा पाड्यांचा समूह, जो आपल्या रूढीप्रमाणे आपला कारभार चालवतो, तो गाव. चार-पाच पाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत असेल तर तुमचा पाडा ठराव करून प्रांताकडे पाठवू शकतो की आमची ग्रामसभा वेगळी. मग सभेला दोन डोंगर चढून जावं लागत नाही, बायका येतात, आणि आपल्या झऱ्याबद्दल आपणच बोलतो.

पेसात ग्रामसभेच्या हातात काय येतं? गौण वनउपज, दारूचं नियमन, सावकारीवर लक्ष, योजनेचे लाभार्थी निवडणं, रूढीप्रमाणे भांडण मिटवणं, जमीन घ्यायच्या आधी सल्ला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर अनुसूचित क्षेत्रात आधी संमती लागते. ओडिशात नियमगिरीला सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारायला सांगितलं, बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. डोंगर अजून उभा आहे. त्या बारा ठिकाणी लोक अर्जदार नव्हते, सरकार आणि कंपनी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते.

ईशान्येकडे जिल्हा परिषदेला जास्त अधिकार आहेत, ते आपल्याला का नाहीत?

ते सहाव्या अनुसूचीत आहेत, आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम. पेसामध्येच एक वाक्य आहे की जिल्हा पातळीची व्यवस्था करताना राज्याने सहाव्या अनुसूचीचा नमुना घ्यायचा प्रयत्न करावा. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, वेगळ्या जिल्ह्याने कलेक्टर ऑफिस जवळ आलं, पण त्या नमुन्याबद्दल आपले पुढारी बोलत नाहीत. विचारा त्यांना, प्रचाराला येतील तेव्हा.

आज्याची जमीन बिगर आदिवासीने लिहून घेतली होती. परत मिळते का?

काही वेळा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनीसाठी १९७४ चा खास कायदा झाला, आदिवासींना जमीन परत देण्याचा. त्यानंतरच्या व्यवहारांना महसूल कायद्याचं कलम ३६-अ आहे, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला सरकारच्या मान्यतेने कलेक्टरची आधी परवानगी पाहिजे, नाहीतर व्यवहार चुकीचा. साध्या स्टॅम्पवर, गहाणखत, "कसायला दिली", असल्या नावाने आजही चालतं. जुने फेरफार काढून चांगल्या वकिलाला दाखवा, इथे मी अर्धवट सल्ला देणार नाही.

हा कायदा मुंबईत कोणाच्या दयेने आला असं समजू नका. शहादा-तळोद्याकडे सत्तरच्या दशकात सालदार माणूस वर्षभर बांधलेला असायचा, शेत राखायच्या नावाखाली मारहाण व्हायची, १९७१ ला पाटीलवाडीला गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती, आपलाच भिल माणूस, लोकांना घेऊन उभे राहिले, १९७२ मध्ये भूमुक्ती परिषद झाली, श्रमिक संघटना झाली, बायकांनी दारूचे मडके फोडले. १९७४ ला अंबरसिंग गेले. त्याच्याही आधी, १९३७-३८ च्या सुमारास, मोरवडच्या गुला महाराजांनी लोकांना एकमेकांना "आप" म्हणायला लावलं. ज्याला कोणी अरे-तुरेशिवाय हाक मारत नव्हतं त्याने शेजाऱ्याला आप म्हणायचं, मला ती फार मोठी गोष्ट वाटते.

सरदार सरोवरात आपल्याला काय मिळालं?

नर्मदेवरच्या या धरणाच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुव्याची मिळून ३३ गावं आली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात जमिनीला जमीन होती, कमीत कमी २ हेक्टर, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. कागदावर तो निवाडा त्या काळाच्या मानाने चांगला होता. पण मणिबेलीच्या घरात १९९३ ला पाणी आलं तेव्हा किती तरी लोकांची नावं यादीतच नव्हती. "अघोषित" असा शब्द होता, म्हणजे माणूस आहे, घर आहे, बुडतंय, पण घोषित नाही. जागतिक बँकेने आधी कर्ज दिलं, मग स्वतःच्या चौकशीचा अहवाल आल्यावर १९९३ मध्ये ते थांबलं. काही लोक सोमावल, रोझवा वसाहतीत आले, काही काठावरच राहिले. वीज महाराष्ट्राच्या वाट्याला २७ टक्के, आणि जे बुडाले त्यांच्या पाड्यांवर कित्येक वर्षं चिमणी जळत होती. त्याच लोकांनी चिमलखेडी, निमगव्हाणला स्वतःच्या जीवनशाळा काढल्या, डोंगरावर मास्तर येत नव्हता म्हणून.

बाकीच्या देशांत कसं आहे?

सगळीकडे झगडाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली, आईपासून तोडून नेलेल्या पोरांबद्दल, पण १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना संसदेला सल्ला देणारं मंडळ द्यायला लोकांनी नकार दिला. नॉर्वेत सामी लोकांची १९८९ पासून स्वतःची संसद आहे, तरी फोसेनला त्यांच्या रेनडियरच्या कुरणात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे हक्कांचं उल्लंघन म्हटलं आणि निकालानंतरही चक्क्या फिरत राहिल्या म्हणून पोरांनी मंत्रालयाच्या दारात ठाण मांडलं. साक्रीकडच्या पठारावर पवनचक्क्या बघणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

"सवलती सरकारच्या घेता आणि सरकारविरुद्ध मोर्चे काढता" असं म्हणतात, काय उत्तर द्यायचं?

शांतपणे सांगायचं की मोर्चे सरकारचाच कायदा अमलात आणा म्हणून असतात. २०१८ च्या नोव्हेंबरात ठाण्याहून मुंबईला चालत गेले त्यात जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं होती आणि त्यांच्या हातात वनहक्काचे दावे होते. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये कुठे वाटलं? शहादा तालुक्यातल्या टेंभलीला. आपण सरकारला ओळख द्यायला कधी नाही म्हटलं नाही, आता सरकारने आपल्याला ओळखायचंय.

सभेच्या वेळी निम्मा पाडा गुजरातला असतो, कोरम कसा होणार?

हा खरा अडथळा आहे. वनहक्काच्या सभेला निम्मे मतदार लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बायका. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन लोक ऊसतोडीला जातात ते होळीलाच परत येतात. म्हणून सभा भोंगऱ्या बाजाराच्या आणि होळीच्या आठवड्यात धरा, नाहीतर पेरणी झाल्यावर. तारीख सरकारी कॅलेंडर बघून ठरवू नका.

मला मराठी नीट बोलता येत नाही, सभेत साहेबांसमोर कसं बोलू?

पावरीत बोला काकी. भिलीत बोला, मावचीत बोला, अहिराणीत बोला. सभा तुमची आहे, साहेब पाहुणा आहे, समजलं नाही तर तो विचारेल. इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं, तेव्हा सही किंवा अंगठा द्यायच्या आधी ग्रामसेवकाला सांगा, आधी वाचून दाखव, आणि पाड्यातल्या शिकलेल्या एका पोरीला शेजारी बसवून ते आपल्या भाषेत सांगायला लावा. वाचल्यावर खालची कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करा, मगच अंगठा.